पेनाचे चोचले

प्रश्न : निवृत्तीनंतर कथा लिहू लागले आहे. बॉलपेनने दीड पानात मनगट भरून येतं. शाईचं पेन घेतलं की लिहावंसं वाटतं. घरचे म्हणतात, हे नुसते चोचले. चांगल्या पेनाने कथा चांगली होते का? (दादर)

उत्तर : कथा नाही होत, पण तिसरं पान लिहून होतं. बॉलपेनची शाई घट्ट, तेलकट. गोळी फिरवायला दाब द्यावा लागतो. शाईच्या पेनात निबच्या चिरेतून शाई आपोआप कागदाकडे ओढली जाते, पेनाचं वजनच पुरतं. मनगट दुखू लागलं की लिहिणारा वाक्य आटोपतं घेतो, खोडून पुन्हा लिहायचा कंटाळा करतो. नुकसान होतं ते तिथे.

पडताळा घ्या. रोज पंधरा मिनिटं, तीन दिवस एक पेन, तीन दिवस दुसरं, वही तीच. अक्षराकडे बघू नका. किती ओळी खोडून नव्याने लिहिल्या, तेवढंच मोजा. दुसऱ्या पानावर पेनाचा विसर पडला, तर ते तुमचं पेन. लिहिताना नजर मजकुराऐवजी शाईच्या छटेवर रेंगाळत असेल, तर ते पत्रांसाठी ठेवा.

निब ‘फाइन’ घ्या. ८ मिमी ओळींच्या वहीत जाड निबने ध, थ, क्ष यांच्या गाठी बुजतात. सपाट कापाच्या निबने काना जाड आणि शिरोरेषा बारीक येते, दिसतं देखणं. पण पेन बोटांत जरा फिरलं की कड कागदात रुतते. मसुद्याला ते नको.

प्रश्न : नवं पेन लोण्यासारखं चालतं, पण अक्षराची सुरुवातच उमटत नाही. (मुलुंड)

उत्तर : देवनागरीत हा दोष फार जाचतो, कारण काना, मात्रा, अनुस्वार, सगळ्यांसाठी पेन उचलावं लागतं. (मोडीने यावर लिपीतच तोड काढली होती : आधी ओळभर शिरोरेषा, मग हात शक्यतो न उचलता अक्षरं.)

आधी धुवा. वाटीभर साध्या पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाकून निब आणि त्याखालचं फीड (टाकीतली शाई निबपर्यंत आणणारा भाग) रात्रभर बुडवा. कारखान्यातलं तेल अनेकदा चिरेत राहिलेलं असतं. गरम पाणी नको, स्पिरिटही नको. काही प्लॅस्टिकना तडे जातात. सकाळी फेस जाईपर्यंत धुऊन टोक सुती कापडावर टेकवून ठेवा, म्हणजे आतलं पाणी शोषलं जाईल.

तरी तेच असेल तर १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून टोक समोरून बघा. चिरेच्या दोन बाजूंची पाती खाली-वर असतील तर पेन खरखरतं. वर गेलेलं पातं नखाने अलगद दाबून सारखं करता येतं. पाती सारखी, पण चिरेकडच्या कडा गोलावलेल्या असतील, तर टोक नको इतकं घासलेलं आहे. मध्ये खळगा पडल्याने शाई कागदाला टेकतच नाही. तुमच्या वर्णनावरून संशय याचाच आहे. घरी घासत बसू नका, गेलेला धातू परत येत नाही. दुकानातून बदलून घ्या, नाहीतर जाणकार दुरुस्तीवाल्याकडे द्या. तोवर सहज वाहणारी शाई वापरा. ड्रॉइंगची शाई मात्र कधीच भरू नका; त्यातली लाख फीडमध्ये वाळून बसते.

पुढच्या वेळी दुकानात गोल गोल गिरवू नका. ‘आई’ वीस वेळा लिहा, प्रत्येक वेळी पेन उचलून. गिरवताना पेन उचललं जात नाही, त्यामुळे हा दोष लपतो.

प्रश्न : पावसाळ्यात त्याच वहीवर शाई का फुटते? (गिरगाव)

उत्तर : कागद हवेतला ओलावा पितो आणि शाई तंतूंतून पसरते. वही घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. हाताखाली टीपकागद घ्या. तळव्याच्या घामाने शाई फुटते, तर तेलकटपणामुळे ती मध्येच तुटते. धुऊन जाणारी निळी शाई मसुद्याला वापरत असाल तर छत्री वहीपासून लांब.

प्रश्न : ड्रॉपरने भरायचं पेन लोकलमध्ये शर्टावर का ओकतं? (बोरिवली)

उत्तर : टाकीत शाई कमी, हवा जास्त. अंगाच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. निघताना पेन काठोकाठ भरा, आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा आणि निब वर ठेवून खिशात टाका.