दोघे-तिघे जमतात तेव्हा
वाचकांचे प्रश्न : प्रभूची उपस्थिती

प्रश्न : आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थनासभा होते. पूर्वी वीस-पंचवीस जण यायचे, आता तिघे-चौघेच येतात. सभा चालवणारे काका दर वेळी ‘जिथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत, तिथे त्यांच्यामध्ये मी आहे’ हे प्रभू येशूचे वचन वाचून आम्हाला धीर देतात. मग एकट्यानं प्रार्थना करणाऱ्याजवळ प्रभू नसतो का? आणि तीन माणसांची सभा चालवायची कशी? (श्रीरामपूर)

उत्तर : एकट्याजवळ तो असतोच. खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याची प्रार्थना कर, असे बायबलमधील मत्तय ६:६ मध्ये प्रभूनेच सांगितले आहे. योहान १४:२३ मध्ये तर जो माझे वचन पाळतो त्याच्याकडे मी आणि पिता येऊन राहू, असे वचन आहे. तेव्हा काका वाचतात ते वचन, मत्तय १८:२०, हा काही सभेच्या गणसंख्येचा नियम नाही.

काकांना एक विनंती करा. पुढच्या बुधवारी विसावी ओवी एकटी न वाचता पंधराव्या ओवीपासून वाचा. तिथे विषय हजेरीचा नाही, भांडणाचा आहे. भावाने तुझा अपराध केला तर आधी एकटा जाऊन त्याच्याशी बोल. त्याने ऐकले नाही तर आणखी एक-दोघांना बरोबर ने. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट पक्की व्हावी, हा जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातला (१९:१५) जुना नियम तिथे आधाराला घेतला आहे. त्यानंतर दोघांनी एकमताने मागण्याविषयीचे वचन येते आणि मग ‘त्यांच्यामध्ये मी आहे’. म्हणजे तुटलेले नाते जोडायला जी दोन-तीन माणसे प्रभूच्या नावाने बसतात, त्यांच्यामध्ये तो असल्याची ही ग्वाही आहे. कमी माणसे आल्याचे सांत्वन म्हणून हे वचन वापरण्यात गैर काही नाही, पण तेवढ्यावरच थांबलो तर त्यातला मोठा भाग हातातून निसटतो.

म्हणून आधी हे पाहा की वीसाचे तीन का झाले. बहुतेक मंडळ्यांत याचे कारण भक्ती आटणे हे नसते. कुणाचे जागेवरून बिनसलेले असते, कुणी निवडणुकीत दुखावलेला असतो, कुणाची खासगी गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून गावभर झालेली असते. अशा माणसाकडे एकाने जावे, तेही त्याच्या घरी आणि आधी फोन करून. पहिल्या भेटीत ‘सभेला का येत नाही’ हे विचारूच नये. काय लागले ते विचारावे आणि ऐकून घ्यावे. सभेत त्याच्या नावाने मोठ्याने प्रार्थना करून त्याला सुनावणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. त्याने राहिलेला धागाही तुटतो.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. ‘आधी एकट्याने जाऊन बोल’ ही पायरी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसणाऱ्या व्यक्तीवर लादू नका. जिच्यावर हात उचलला जातो त्या बाईला नवऱ्याशी एकटीने समेट करायला पाठवणे म्हणजे तिला पुन्हा धोक्यात लोटणे. आधी तिला सुरक्षित जागी न्या, पोलिसांची मदत घ्या. लैंगिक अत्याचार लहान मुलावर झाला असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो कळवणे बंधनकारकच आहे. तो मंडळीत मिटवता येत नाही.

आता सभेची रीत. तिघा-चौघांना पाऊण तास पुष्कळ झाला. सुरुवातीला दोन-तीन मिनिटे शांत बसा, मग सगळ्यांना येणारी एक-दोन गीते म्हणा. दहा-पंधरा ओव्यांचा एकच उतारा दोन वेगवेगळ्या आवाजांत दोनदा वाचा. त्यावर दहा मिनिटे बोला आणि उरलेला वेळ प्रार्थनेला ठेवा. एक जण दहा-दहा मिनिटे प्रार्थना करू लागला की बाकीचे मनाने उठून जातात. म्हणून प्रत्येकाने एका वेळी एकच विषय घ्यावा, दोन-तीन वाक्यांत मांडावा आणि सर्वांनी ‘आमेन’ म्हणावे. फिरून पुन्हा पाळी येतेच. आजारपण, कर्ज, लग्न मोडणे असे विषय ज्याचे त्याच्या परवानगीशिवाय मांडू नयेत.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. चहाबरोबर पोहे, मग शिरा, मग बाहेरून आणलेला समोसा असे सुरू झाले की हातावर पोट असलेले घर सभा बोलावणेच बंद करते. करिंथ या ग्रीक शहरातल्या पहिल्या मंडळीत हेच झाले होते. पैसेवाले आधी येऊन जेवत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. प्रेषित पौलाने त्यांना स्पष्ट सांगितले की हे प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा पवित्र विधी) नव्हेच (१ करिंथ ११:२०-२२). तेव्हा फक्त चहा, असा ठराव करा आणि तो सधन घरांनी आधी पाळावा.

प्रश्न : माझं माहेर वसईचं, कॅथलिक. सासर नगरचं, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), प्रोटेस्टंट. माहेरच्या चर्चमध्ये टॅबरनॅकलजवळ, म्हणजे पवित्र भाकर ठेवायच्या पेटीजवळ, दिवा तेवत असतो, तिथे आम्ही गुडघा टेकतो. सासरच्या चर्चमध्ये तसं काही नाही. मुलं विचारतात, येशू कोणत्या चर्चमध्ये राहतो? काय सांगू? (नगर)

उत्तर : दोन्ही चर्चमध्ये, असे मुलांना निःशंक सांगा. कोणत्याही बाजूचा जाणता धर्मगुरू या उत्तराला नाही म्हणणार नाही. फरक आहे तो भाकर आणि द्राक्षारसात प्रभू कसा उपस्थित असतो, यावर.

कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सात (प्रभुभोजनाच्या उपासनेत) पवित्रीकरणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारसाचे मूळ सत्त्वच बदलते. रंग, चव, आकार तेच राहतात, पण तो ख्रिस्त असतो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५५१ मध्ये ही शिकवण नेमक्या शब्दांत मांडली. मिस्सा संपल्यावरही ही उपस्थिती टिकते, म्हणून उरलेली पवित्र भाकर टॅबरनॅकलमध्ये ठेवतात. आजाऱ्यांना नेण्यासाठी ती हाताशी असावी हा त्यातला पहिला हेतू, आराधना हा दुसरा. टॅबरनॅकल जागेवर पक्के बसवलेले, भक्कम, आतले न दिसणारे आणि कुलूपबंद असले पाहिजे, आणि त्याच्याजवळ दिवा अखंड तेवत राहिला पाहिजे, असा चर्चचा कायदा आहे. दिव्याची काच लाल असते ती परंपरेने, कायद्यात रंग सांगितलेला नाही. पुण्य गुरुवारी संध्याकाळच्या मिस्साआधी टॅबरनॅकल पूर्ण रिकामे करतात. शुभ शुक्रवारी चर्चमध्ये गेलात तर त्याचे दार उघडे दिसेल आणि दिवा विझलेला. मुलांना एकदा ते मुद्दाम दाखवा. दिवा कशासाठी असतो ते त्यांना तिथे आपोआप कळेल.

प्रोटेस्टंट बाजूला एकच मत नाही. १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग इथे ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारक समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा कलमांवर जमले, पण प्रभुभोजनाच्या कलमातील मुख्य मुद्द्यावर अडले. ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द ल्यूथर अक्षरशः घेत होता. झ्विंग्लीच्या मते तो स्मरणविधी होता. पुढे कॅल्विन या आणखी एका धर्मसुधारकाने मांडले की ख्रिस्ताचे शरीर स्वर्गात आहे, पण पवित्र आत्मा विश्वासणाऱ्याला खरोखर त्याच्याशी जोडतो आणि त्याच्यावर पोसतो. तुमच्या सासरचे चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन झाले. त्यांत अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचे होते. त्यामुळे एका गावातल्या आणि दुसऱ्या गावातल्या चालीरीतींत फरक दिसतो. तो पाहून गोंधळू नका.

या प्रश्नावर कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ४ डिसेंबर १९६३ चा उपासनेवरील दस्तऐवज फार कामाचा आहे. ख्रिस्त चर्चच्या उपासनेत कसकसा उपस्थित असतो, हे त्याच्या सातव्या परिच्छेदात सांगितले आहे. विधी करणाऱ्या धर्मगुरूमध्ये, विशेषत्वाने पवित्र भाकर-द्राक्षारसात, संस्कारांत, वाचल्या जाणाऱ्या वचनात, आणि मंडळी प्रार्थना करते, गाते तेव्हा. या शेवटच्या दोन ठिकाणी तुमचे सासर आणि माहेर पूर्णपणे एक आहेत. शास्त्र वाचले जात असताना मोबाइल खाली ठेवून नीट ऐकणे, हा दोन्ही चर्चमध्ये प्रभूचा सारखाच मान आहे.

व्यवहाराचे सांगायचे तर, कॅथलिक मिस्सात तुमच्या यजमानांना सर्वसाधारणपणे कम्युनियन (पवित्र भाकर-द्राक्षारस) दिले जात नाही, आणि कॅथलिक नियम तुम्हालाही सीएनआयचे प्रभुभोजन घेऊ देत नाही. हे दुःख खरे आहे, ते मुलांपासून लपवू नका. त्यामुळे कुणी कमी श्रद्धावान ठरत नाही. प्रभूचे देणे थांबत नाही, एवढे त्यांना कळले तरी पुष्कळ. घरी मात्र रात्री एकत्र वचन वाचून प्रार्थना करायला कुणाचीच आडकाठी नाही, आणि ‘दोघे-तिघे’ तिथे भरतातच.

प्रश्न : वर्षभर प्रार्थनेला बसतो, पण काहीच जाणवत नाही. प्रभू मला सोडून गेला का? (पुणे)

उत्तर : नाही. जाणीव आणि उपस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य प्रभूबरोबर चालत होते, बोलत होते, तरी त्यांनी त्याला ओळखले नाही (लूक २४). तो नव्हता म्हणून नव्हे.

संत इग्नेशियस लोयोलाने या कोरड्या काळासाठी एक नियम घालून दिला आहे : अशा वेळी आधी ठरवलेले काही बदलू नका. वीस मिनिटे बसायचे ठरवले असेल तर एकविसावे मिनिट बसा, अठराव्याला उठू नका. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रे मोठ्याने वाचा. स्तोत्र १३ आणि ८८ पासून सुरुवात करा. ती अशाच माणसाने म्हटलेली आहेत, आणि ८८ वे तर उजेड न दिसताच संपते. कुणाशी वैर असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी ते मिटवा. मनात धरलेला राग प्रार्थनेला सुकवतो. आणि महिन्यातून दोनदा तरी एखाद्या आजाऱ्याला किंवा तुरुंगातल्या माणसाला भेटा. मत्तय २५ मध्ये मी तिथे भेटेन, असे प्रभू स्वतः सांगतो.

एक मात्र तपासा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर तो प्रार्थनेचा कोरडेपणा नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच जा आणि घरच्यांना सांगा. त्यात श्रद्धेची उणीव मुळीच नाही.

प्रश्न : मला गहू चालत नाही, सीलिॲक (गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन न सोसण्याचा आजार) आहे. कम्युनियनचं काय करू? (ठाणे)

उत्तर : कॅथलिक नियमात भाकर गव्हाचीच हवी. तांदळाची किंवा पूर्णपणे ग्लूटेनरहित भाकर चालत नाही. अगदी कमी ग्लूटेन असलेली गव्हाची भाकर चालते. तीही सोसत नसेल तर फक्त द्राक्षारस घेता येतो, आणि तो पूर्ण कम्युनियन मानला जातो. यात नेहमी होणारी चूक अशी : धर्मगुरू मुख्य पेल्यात भाकरीचा छोटा तुकडा टाकतात आणि तोच पेला तुम्हाला दिला जातो. म्हणून मिस्साआधीच फादरांना सांगून वेगळा छोटा पेला मागा, आणि कमी ग्लूटेनची भाकरही वेगळ्या डबीत ठेवायला सांगा. इतर चर्चमध्ये भाकरीचे नियम सैल असतात. पाळकसाहेबांना आठवडाभर आधी सांगितले तर सोय होते.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळली आहे. टीव्हीवर मिस्सा पाहते आणि समोर पाव ठेवू का, असं विचारते. (नालासोपारा)

उत्तर : पाव ठेवू नका. पडद्यावरून पवित्रीकरण होत नाही. टीव्हीवरच्या मिस्सात आईने कम्युनियनची इच्छा मनातल्या मनात प्रार्थनेतून व्यक्त करावी. पण तेवढ्यावर समाधान मानायची गरज नाही. पॅरिशच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चच्या, कार्यालयात कळवा. फादर किंवा नेमलेले सेवक पिक्स नावाच्या छोट्या डबीतून कम्युनियन घरी आणतात.

खाटेजवळ छोटे टेबल मांडून त्यावर स्वच्छ पांढरे कापड घाला. क्रूस, दोन मेणबत्त्या आणि पेलाभर पाणी ठेवा. घरात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती लावूच नका. टीव्ही बंद करा आणि घरातल्या सगळ्यांना पाच मिनिटे जवळ बसवा. एरवी कम्युनियनआधी तासभर काही खायचे नसते, मात्र वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना त्यातून सूट आहे. पाणी आणि औषध तर कुणालाही केव्हाही चालते. गिळायला त्रास होत असेल तर ते आणणाऱ्याला आधीच सांगा. तो अगदी छोटा तुकडा देईल, नंतर चमचाभर पाणी पाजा. घनपदार्थ अजिबात उतरत नसतील तर फादरांशी बोलून फक्त द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन मागता येते, आणि नळीतून आहार चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाने काहीही देऊ नका. तुकडा तोंडातून बाहेर आला तर तो कचऱ्यात टाकू नका. स्वच्छ पाण्याच्या वाटीत ठेवा आणि आणणाऱ्याच्या हाती द्या, पुढचे तो पाहील.