टाके, सूज आणि मिश्रीची डबी

प्रश्न : सिस्टर, मी निपाणीची. वय 57, मराठी शाळेतून निवृत्त झाले. पेन्शनच्या पैशातून बेळगावात फेसलिफ्ट करून घेतली. घरी येऊन अजून आठवडा झाला नाही. डावा गाल उजव्यापेक्षा जास्त सुजलाय, मान पिवळी-हिरवी पडलीय, कान बधिर आहेत. आरशात बघितलं की रडू येतं. जाऊबाई म्हणतात, टाक्यांवर हळद लावा. मुलगा ‘या वयात कशाला’ म्हणाला आणि गप्प झाला. आणखी एक, जे तिथं डॉक्टरांना सांगितलं नाही : मला सकाळी मिश्री लागते. ती लावायची हिरड्यांना, टाके कानामागे. चालेल ना?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : बाई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, चालणार नाही. उद्या सकाळचीसुद्धा नको.

फेसलिफ्टमध्ये गालाची कातडी खालच्या थरापासून सोडवतात, वर ओढतात आणि कानाच्या पुढे-मागे शिवतात. ती पुन्हा नीट धरेपर्यंत बारीक बारीक रक्तवाहिन्यांवरच जगते. निकोटीन नेमक्या त्याच वाहिन्या आवळतं. कानामागच्या कातडीला रक्त सगळ्यात लांबून येतं, त्यामुळं रक्त कमी पडलं की आधी तीच काळी पडते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की! धूर नसला तरी हिरड्यांतून निकोटीन रक्तात उतरतंच.

निपाणीच्या बाईला हे मी दोष देऊन सांगत नाही. तुमच्याकडं तंबाखूच्या वखारी, घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका. दात दुखला की आईच बोटावर मिश्री देणार. ऑपरेशनच्या आधी आम्ही ‘तंबाखू खाता का?’ विचारायचो, तर बायका ‘छे छे’ म्हणायच्या, आणि त्या खोटं बोलत नसायच्या, मिश्रीला तंबाखू म्हणतंय कोण! मग मी ‘सकाळी दात कशानं घासता?’ असं विचारायला लागले. तेव्हा कुठं कळायचं. म्हणून आजच डॉक्टरांना फोन करा आणि सांगा. रागावले तर रागावू देत, पण कानामागं ते जास्त बारकाईनं बघतील. मिश्री सुटल्यावर डोकं दुखेल, चिडचिड होईल. पहिले काही दिवस जड जातात, मग उतरतं. मेडिकलमधून निकोटीनचं च्युइंगम मात्र आपणहून आणू नका, त्यातही तेच आहे.

आता चेहऱ्याचं. दोन्ही गाल सारखे सुजत नाहीत. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग हळूहळू ओसरते. मान पिवळी-हिरवी दिसते ते गालातलं साकळलेलं रक्त खाली उतरून जिरतंय म्हणून. काळं-निळं साधारण दोन आठवड्यांत जातं. पूर्ण सूज जायला काही महिने लागतात. आत्ता आरशात दिसतोय तो तुमचा नवा चेहरा नव्हे. या दिवसांत रडू येणं फार जणींना होतं. कशाला केलं, असं वाटतं. झोप नीट नाही, घरात कुणी बोलत नाही, वरून मिश्री सुटणार. तुमच्या पेन्शनचा आणि तुमच्या चेहऱ्याचा हिशोब तुम्ही कुणाला द्यायला लागत नाही, मुलालाही नाही. पण त्याला टाके काढायला बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की माणूस मऊ पडतो.

कानाचा बधिरपणा महिनोन् महिने राहू शकतो. म्हणून गरम टॉवेल, शेक, वाफ, हेअर ड्रायर काहीच नको. भाजलेलं तुम्हाला कळणार नाही. कुड्या, वेल इतक्यात घालू नका.

हळद दुधातून खुशाल घ्या, टाक्यांवर नको. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि पिवळ्या लेपाखाली लाली किंवा पू दिसतही नाही. दिलेलं मलम तेवढंच लावा.

झोपताना उताणंच, डोकं उंच. उशा नुसत्या डोक्याखाली रचल्या तर हनुवटी छातीला टेकते, मानेवरची कातडी दुमडते. खांद्यापासून उतार करा. वाकून केर काढणं, घागर उचलणं काही दिवस सुनेवर सोडा. बीपीची गोळी असेल तर चुकवू नका, दाब चढला की आत रक्त सुटतं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर काढल्यानंही तेच होतं. दुखलं म्हणून दुकानातून ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन आणू नका. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा. कडक भाकरी चावू नका, दुधात कुस्करून खा. आंबील, मऊ भात, मुगाचं कढण चालतं. मीठ कमी. घरातल्या घरात मात्र फिरत राहा, पायात गुठळी होऊ नये म्हणून.

आणि हे फ्रिजवर लिहून चिकटवा : एकच बाजू अचानक टणक होऊन फुगत चालली आणि दुखू लागली, कानामागं काळसर पडलं, पू, घाण वास किंवा ताप आला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करून निघा. धाप लागली, छातीत दुखलं किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखली तर 108 ला फोन करून जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. तुम्हाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. अशा वेळी ऑपरेशन कुठं झालं ते बघत बसायचं नाही. डिस्चार्जचा कागद तेवढा पर्समध्ये असू दे.

– सिस्टर