इको व्हॅनच्या ऑइल कॅपमधून तेल पाझरतं, केबिनमध्ये जळका वास येतो. कॅप बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की झाकण दोनदा घट्ट आवळलं तरी भोवती तेल साचतं, गाडी तापली की जळका वास येतो, आणि नवं झाकण मिळेपर्यंत भोकात कापड कोंबून चालेल का. आधी या शेवटच्याचं उत्तर देतो: कापड अजिबात कोंबू नका. हादऱ्यांनी ते आत सरकलं तर टॅपेट कव्हर (इंजिनच्या डोक्यावरचं आवरण) उघडून शोधत बसावं लागतं, आणि तेलात भिजलेलं कापड गरम मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपवर पडलं तर पेट घेऊ शकतं. आपल्या व्हॅनला इंजिन पुढे बॉनेटखाली नसतं, आपण त्याच्यावरच बसलेलो असतो.

मी मिरजेहून कोल्हापूरला बेकरीचा माल नेतो. आधी अकरा वर्षं ओम्नी होती, ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची. आता इको आहे. ओम्नीच्या वेळी एकदा ऑइल बदलून निघालो आणि जयसिंगपूर ओलांडल्यावर सीटखालून निळसर धूर यायला लागला. गाडी कडेला घेतली, सीट उचलली, तर सगळं इंजिन तेलाने न्हालेलं. ऑइल ओतल्यावर गॅरेजमधल्या पोराने झाकण नुसतं टेकवून ठेवलं होतं. नशिबाने ते इंजिन आणि पत्र्याच्या सांदीत अडकलेलं सापडलं. डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) काढून बघितली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. तिथेच एक लिटर ऑइल मागवून ओतलं, पातळी बघितली, तेव्हा कुठे गाडी हलवली. तेव्हापासून ऑइल कोणीही बदललं तरी शेवटचा हात माझा असतो. झाकण मी स्वतः फिरवून बघतो.

आता तुमच्या गाडीचं. बहुतेक वेळा झाकणाला काही झालेलं नसतं, त्याच्या आतली रबरी रिंग मेलेली असते. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा. काढण्याआधी भोवतीची माती फडक्याने पुसून घ्या, नाहीतर ती सरळ टॅपेटवर पडते. मग रिंगवर नख दाबा. चांगलं रबर लगेच वर येतं. मेलेल्यावर नखाची खूण तशीच राहते, रिंग गोल न राहता चपटी आणि चकचकीत झालेली असते, वाकवली तर बारीक भेगा दिसतात. अशी रिंग कितीही आवळा, तेल थांबणार नाही. उलट जोर लावल्याने प्लॅस्टिकचे कान तुटतात किंवा आटे जातात. पाना लावूच नका, हाताने बसेल तेवढंच पुरे. रिंग पेट्रोलमध्ये बुडवूनही ठेवू नका, रबर फुगतं. कोरड्या फडक्याने पुसून बसवताना ताज्या ऑइलचं एक बोट फिरवा, म्हणजे पीळ पडत नाही.

रिंग सुटी मिळाली तर तीच घ्या. नाहीतर अख्खं झाकण घ्या, फार महाग नसतं. मात्र जुनं झाकण आणि गाडीचं आरसी बुक घेऊन दुकानात जा. वरून सारखी दिसणारी दोन झाकणं ठेवून बघा, खालचे कान आणि खोली वेगळी असू शकते. इथे डुप्लिकेटवर पैसे वाचवू नका, त्यांचं रबर लवकर कडक होतं.

पण नवं झाकण लावून महिन्याभरात पुन्हा तेल दिसलं, तर दोष झाकणाचा नाही, आतल्या दाबाचा आहे. पिस्टनच्या रिंगांशेजारून थोडा गॅस कायम खाली झिरपत असतो. तो ब्रीदर पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (हा गॅस बाहेर सोडणारी छोटी झडप) परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या वाटेत जातो. ती वाट काजळीने तुंबली की दाब तेलाला झाकणाच्या कडेने बाहेर ढकलतो. व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, आत टिकटिक वाजलं पाहिजे. गच्च झाला असेल तर बदला. ऑइल वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलंय का, तेही सपाट जागेवर बघून घ्या.

एवढं करूनही थांबलं नाही तर इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवून झाकण सैल करा आणि भोकावर नुसतं टेकवा. तोंड लांब ठेवा, गरम तेलाचे थेंब उडतात. झाकण किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि धुराचे झोत यायला लागले, तर त्याला आपले मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, म्हणजे पिस्टनशेजारून गॅस फार झिरपतोय. मग झाकणावर खर्च न करता कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या.

झाकणाच्या आत सायीसारखा पिवळट थर दिसला तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ तेलात मिसळते. पुसून टाका, एकदा लांब चालवून आणा. पण डिपस्टिकवरही तसंच दुधट तेल असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) शंका घ्या आणि गाडी चालू करू नका, टो करून न्या.

झाकण बदललं की भोवतालचं सगळं तेल कोरडं पुसा. मॅनिफोल्डवर सांडलेलं जळून संपेपर्यंत दोन-तीन दिवस वास येईल. त्यानंतरही आला तर सीट उचलून टॅपेट कव्हरच्या गॅस्केटची कड बोटाने चाचपून बघा. तिथून पाझरणारं तेलही झाकणाचंच वाटतं.