नववीतला मुलगा रात्री एकपर्यंत मोबाईल सोडत नाही. काढून घ्यावा का? दिवसाला किती तास द्यावेत?

ताई, हिसकावून घेऊ नका. तुम्ही सांगलीच्या आहात म्हणून मुद्दाम लिहितोय. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 साली भोंगा सुरू केला. संध्याकाळी 7 ला एकदा, 8.30 ला दुसऱ्यांदा, मधला दीड तास मोबाईल-टीव्ही बंद. कोरोनातल्या ऑनलाइन शाळेपासून पोरांच्या हातातला मोबाईल सुटत नव्हता, म्हणून हे केलं. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त गुरुजी घरोघर फिरले. ‘पेपरात नाव यावं म्हणून केलंय’ असं म्हणणारे भेटतात तेव्हा मला राग येतो. अहो, त्या दीड तासात आईची मालिका आणि वडिलांचं व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा बंद होतं! पोराला एकट्याला ‘ठेव तो मोबाईल’ म्हणून काही होत नाही, हे त्या गावाला कळलं.

आता तुमचा रात्रीचा एक. पॅक रोजच्या दीड जीबीचा आहे का बघा. तो डेटा रात्री 12 ला नव्याने मिळतो. नऊला नेट संपलं की मुलं शहाण्यासारखी झोपतात आणि बाराचा गजर व्हायब्रेशनवर लावून फोन उशीखाली ठेवतात. म्हणून त्याच्या खोलीतला चार्जर काढा. स्वयंपाकघरात एक एक्स्टेंशन बोर्ड लावा, साडेनऊला घरातले सगळे फोन तिथं, तुम्हा दोघांचेही. ‘गजराला लागतो’ हे पहिल्याच रात्री ऐकावं लागेल, तेव्हा साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा.

फॅमिली लिंक लावा, म्हणजे मुलाच्या फोनवर वेळेची मर्यादा घालणारं गूगलचं अ‍ॅप, पण इन्स्टाच्या अ‍ॅपला अर्धा तास ठरवला की तेच इन्स्टा क्रोममध्ये उघडतं. तिथंही ती साइट ब्लॉक करावी लागते. इन्स्टाच्या टीन अकाउंटमध्ये, म्हणजे अठराच्या आतल्यांच्या खात्यात, रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन गप्प असतात आणि 16 च्या आतल्या मुलाला सेटिंग सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण खातं उघडताना त्यानं जन्मसाल 2000 टाकलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स, तिथं जन्मतारीख दिसते. त्याच्याशेजारी बसून बघा, चोरून नको.

तासांचं म्हणाल तर झोप मोजा. या वयाला 8 ते 10 तास लागतात.

एक मात्र आहे. मुलगा एकाएकी गप्प झाला, फोन लपवायला लागला, तर कुणी फोटोवरून धमकावत असेल. तेव्हा रागावू नका, चॅट पुसू देऊ नका, स्क्रीनशॉट घेऊन राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन.

आणि मुलाच्या वडिलांना सांगा, ‘माझा कामाचा फोन आहे’ म्हणून त्यांनी एकदा सूट घेतली की आठवड्यात तो बोर्ड रिकामा. कामाचे फोन येणारच असतील तर रिंग मोठी ठेवावी, उठून स्वयंपाकघरात जावं आणि तिथंच उभं राहून बोलावं.