रमाबाई रानडे यांच्या चळवळीमुळे कोल्हापूरच्या बायकांना 1921 मध्ये मत मिळालं का?

नाही. इथंच बहुतेक प्रकल्पवह्या चुकतात. ब्रिटिशांच्या 1919 च्या भारत सरकार कायद्यानं स्त्रियांच्या मताचा निर्णय प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोडला. मुंबई प्रांतानं 1921 मध्ये होकार दिला, पण कोल्हापूर संस्थान होतं. तो निर्णय इथं लागूच नव्हता. शिवाय प्रांतातही मालमत्ता किंवा कराची अट कायम राहिल्यानं फार थोड्या बायका यादीत आल्या.

रमाबाई मूळच्या सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावच्या, लग्नानंतर घरीच शिकलेल्या. मताइतकाच त्यांचा जोर शिक्षणावर होता. पुण्यात सक्तीचं शिक्षण आधी फक्त मुलग्यांना द्यायचं घाटत होतं, तेव्हा मुलींनाही तेच हवं म्हणून त्या लढल्या. प्रकल्पात हा भाग ठळक लिहा, तो फार मोलाचा आहे.