साथीत रोज थोडी दारू घेतली की विषाणू मरतो, असं गावात सगळे म्हणतात. खरं आहे का?

नाही, दारू पिऊन घशातला किंवा फुप्फुसातला विषाणू मरत नाही, उलट आजार बळावण्याचा धोका वाढतो. सॅनिटायझरमध्ये किमान 60 टक्के अल्कोहोल लागतं आणि तेही हातावर चोळायला. देशीत तेवढं नसतं, शिवाय घोट क्षणात घशाखाली उतरतो. रक्तात गेलेली दारू प्रतिकारशक्ती कमी करते, म्हणून जास्त पिणाऱ्याला न्यूमोनिया लवकर गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेनं हे 2020 मध्येच स्पष्ट केलं होतं. मी नांदेड जिल्ह्यात मेडिकलवर काम करतो. तापात पॅरासिटामॉल घ्यायची आणि वरून दारू, असं करणारे कोरोनात खूप पाहिले. त्यानं लिव्हरवर दुहेरी मार बसतो, कृपा करून असं करू नका. दुकानं बंद झाली म्हणून हातभट्टी किंवा सॅनिटायझरकडे तर चुकूनही वळू नका. त्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असू शकतं, त्यानं दृष्टी जाते, जीवही जातो. एप्रिल 2021 मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, वणीला, सॅनिटायझर पिऊन माणसं गेली.

फक्त एक लक्षात ठेवा: वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत हात इतके थरथरतात की चहाचा कप बशीवर वाजत राहतो. पुढं झटके येतात, माणूस भलतंच बरळायला लागतो. असं दिसलं तर 108 ला फोन लावा आणि सरकारी दवाखान्यात न्या.