क्लच दाबला की पकड सुटते, मग तो क्लच कसला?

प्रश्न : मी पन्नाशीत गाडी शिकतेय. आमचे सर तासभर 'क्लच दाबा, क्लच सोडा' एवढंच ओरडत असतात. केसांना लावतो तोही क्लच, लग्नाला नेतो ती पर्सही क्लच, आणि परवा लेकीच्या पक्ष्यांच्या पुस्तकात अंड्यांनाही क्लच लिहिलेलं! हे सगळं एकच का हो? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, बाकीचे सगळे एका घरचे, अंडी मात्र परकी. जुन्या इंग्रजीत 'क्लिच्चन' असं क्रियापद होतं, बोटं वळवून मूठ आवळणं. पुढे त्यात नख्या, पंजा हा अर्थही मिसळला, म्हणून 'क्लचेस' म्हणजे आपल्याकडची तावड, मांजराच्या तावडीत उंदीर सापडतो ना तीच. तुळशीबागेत वीस रुपयाला मिळणारा केसांचा क्लचर बघा, सरळसरळ पंजाच आहे. पर्सला पट्टा नसतो, मुठीत धरावी लागते, म्हणून तीही क्लच.

आता गाडी. यंत्रांचे दोन भाग जोडणाऱ्या सुट्या भागाला क्लच म्हणणं मोटारींच्या आधीचं, 19 व्या शतकाच्या सुरुवातीचं. गंमत अशी की तुम्ही पॅडलला हातच काय पायही लावला नाहीत तरी आतल्या स्प्रिंगने क्लच प्लेट इंजिनच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर, घट्ट दाबून धरलेली असते, म्हणजे पकड चालूच असते, आणि पाय दाबलात की ती सुटते, इंजिन आपलं फिरत राहतं, चाकं मोकळी. म्हणजे सरांच्या 'क्लच दाबा'चा खरा अर्थ 'सोडा' आणि 'सोडा'चा अर्थ 'धरा'! गोंधळ तुमचा नाही, भाषेचा आहे. चांदणी चौकाच्या चढावर हाफ क्लचवर, म्हणजे पॅडल अर्धवट दाबून, गाडी अडवून धरलीत तर प्लेट धड धरत नाही धड सोडत नाही, नुसती घासते, जळका वास येतो, आणि मग मेकॅनिक नाना पेठेतून नवी प्लेट आणायला सांगतो. आमच्याकडे झालंय हे, म्हणून सांगतोय.

राहिली अंडी. एका वेळी घातलेल्या अंड्यांचा क्लच हा 'क्लेक' म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढणं या स्कॉटलंडकडच्या शब्दाचा नातेवाईक, तो जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, मुठीशी संबंध नाही. आपल्याकडे मांडवातला वर संस्कृत 'वर'वरून आणि माळ्यावरचा वर 'उपरि'वरून, तसलंच हे.